उजव्या हाताचं जाळं

मास्तर डावखुरे होते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लहानपणी शाळेत त्या हातावर पट्ट्या बसल्या, घरात बोलणी खाऊन झाली, पण हात काही बधला नाही. पुढे ते एका म्हाताऱ्या शिंप्याकडे काम शिकायला गेले. त्याने आठवडाभर त्यांच्या हातात साधी कात्री दिली, नासलेल्या कापडाचा ढीग बघितला, एक सणसणीत शिवी हासडली आणि कुठूनशी डाव्या हाताची कात्री पैदा केली. तेव्हापासून सदतीस वर्षं मास्तर पुरुषांचे कोट कापत होते.

दुकान खाली, दोन खोल्यांचं घर वर. दुकानात पुढे कापायचं लांब टेबल, मागे दोन मशिनं आणि कोपऱ्यात पडद्याआड कपडे घालून बघायची जागा. तिथे माणूसभर उंचीचा आरसा होता. भिंतीला रंग द्यायचा म्हणून एका सकाळी मास्तर तो आरसा एकटेच उतरवायला गेले. खिळा निसटला. आरसा सुटला की माणसाने बाजूला व्हावं, एवढी अक्कल मास्तरांना होती, हाताला नव्हती. हात पुढे गेला.

काचेने डाव्या तळहातावर तिरकी रेघ ओढली. दवाखान्यात पोचेपर्यंत दोन टॉवेल भिजले. रक्त थांबलं, पण अंगठ्याशेजारची दोन बोटं ताठ राहिली ती राहिलीच. मीट म्हटलं तरी मिटेनात.

"बोटं ओढणाऱ्या दोऱ्या तुटल्यात," सर्जन म्हणाले. "जोडून देतो."

"टाका कुठला घालणार?" मास्तरांनी टेबलावर आडवं पडल्या पडल्या विचारलं.

"तुमच्यापेक्षा बारीक," सर्जन म्हणाले, आणि मास्तरांना गुंगी चढली.

पुढचे सहा आठवडे हात पट्टीत गुंडाळलेला होता. मास्तर उजव्या हाताने जेवायचे, म्हणजे निम्मं ताटात आणि निम्मं शर्टावर. शर्टाची बटणं बायको लावून द्यायची. दुकानाचं शटर खालीच होतं. ओळखीची गिऱ्हाइकं येऊन "सावकाश होऊ द्या, मास्तर" म्हणून जायची आणि मास्तर खिडकीतून बघायचे, तर त्यातला एखादा पुढच्या चौकातल्या दुसऱ्या शिंप्याकडे वळलेला असायचा.

पट्टी निघाली तेव्हा आतून जो हात बाहेर आला तो मास्तरांना आपला वाटेना. पांढराफटक, सुकलेला, आणि ती दोन बोटं म्हणजे दोन खुंट्या. त्यांना हाताच्या व्यायामाच्या विभागात पाठवण्यात आलं.

तो विभाग म्हणजे एक लांबट खोली होती. मधे टेबल, त्यावर रंगीत माती, कपड्यांचे चिमटे, स्पंज, नट-बोल्ट, लहान मुलांचे ठोकळे. टेबलाभोवती मोठी मोठी माणसं गंभीर चेहऱ्याने खेळत बसलेली. ही खोली चालवणाऱ्या बाई तिशीच्या होत्या, केस रबराने बांधलेले, खिशात मोजायची पारदर्शक पट्टी. त्या सगळ्यांना काका-काकू म्हणायच्या आणि कोणाचंही ऐकायच्या नाहीत.

पहिल्याच दिवशी त्यांनी मास्तरांना मूठ मिटायला लावली. मुठीत बोटं तळहाताला टेकायला हवीत, ती अधांतरीच राहिली. बाईंनी पट्टी लावून मधल्या बोटाचं टोक आणि तळवा यांतलं अंतर मोजलं आणि वहीत लिहिलं: साडेतीन सेंटिमीटर.

"हे शून्यावर आलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "निदान एकाच्या आत."

"साडेतीन सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही," मास्तर बायकोला म्हणाले. "बाही तेवढी आखूड झाली तर मी एका संध्याकाळी सोडवून देतो."

शेजारच्या खुर्चीवर एक बस ड्रायव्हर बसलेला असायचा. त्याचं मनगट मोडलं होतं. बसमधून पडलो, असं तो सांगायचा आणि कोणी पुढे विचारायच्या आत स्वतःच म्हणायचा, "चालती नव्हती. उभी होती. डेपोत." त्याला दिवसभर चिमटे लावायचं आणि काढायचं काम होतं.

दोन आठवडे माती मळून झाल्यावर बाईंनी मास्तरांसमोर एक पिशवी ठेवली. आत हाताच्या पंजाएवढी धातूची रिंग, मऊ चामड्याची पट्टी, मेणाचा दोरा, मणी, आणि चार-पाच पिसं. सोबत एक छापील चित्र.

"ड्रीमकॅचर," बाई म्हणाल्या. "दूरदेशी काही आदिवासी लोकांत हे लहान मुलांच्या पाळण्यावर टांगायची पद्धत आहे. वाईट स्वप्नं या जाळ्यात अडकतात म्हणे. आधी रिंगेवर पट्टी गुंडाळायची, घट्ट, मधे फट न ठेवता. मग दोरा बांधायचा, रिंगेवरून घेऊन वेढ्यातून ओढायचा, थोडं पुढे जाऊन पुन्हा. एक फेरी झाली की दुसऱ्या फेरीत रिंगेवर नाही, आधीच्या दोऱ्याच्या मधोमध. असं आत आत जायचं. घरी करा. दोन आठवड्यांनी घेऊन या."

मास्तरांनी पिशवीत डोकावून पाहिलं. "मी कोट शिवतो, मॅडम."

"माहीत आहे."

"हा मुलींचा खेळ आहे."

"मग सोपाच असेल," बाई म्हणाल्या आणि ड्रायव्हरचे चिमटे मोजायला गेल्या.

घरी मास्तरांनी जेवणाच्या टेबलावर ती पिशवी पालथी केली. रिंग उजव्या हातात धरली, पट्टी डाव्या. पट्टी अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत धरून ओढायची होती. चिमूट मिटली, पण तिच्यात जोर नव्हता. पट्टी ओढली की सुळकन निसटायची. तीन वेढे बसायचे, चौथ्याला तिन्ही सैल. तासाभराने मास्तरांच्या कपाळावर घाम आला. ज्या हाताने टेबलावर चार पदरी लोकर एका दमात कापली, त्याला एक फीत धरवत नव्हती.

बायको खिडकीशी मटार सोलत होती. खिडकीशी बसून तिने एकतीस वर्षं मास्तरांच्या कोटांची काजं केली होती, बटणं लावली होती, अस्तराची तुरपाई केली होती. दुपारी मास्तर जिन्यावरून हाक मारायचे, ती खाली येऊन कपडे घेऊन जायची, संध्याकाळी पुरे करून आणून द्यायची. दुकानाच्या पाटीवर अर्थातच मास्तरांचंच नाव होतं. कोणी काजांची तारीफ केली तर मास्तर म्हणायचे, "ते घरी होतं." जसं काही घर नावाचं एखादं मशीन असावं.

"जरा धर गं," मास्तर म्हणाले. "नुसतं टोक धर."

तिने हात पुसले आणि टोक धरलं. मास्तरांनी रिंग फिरवली. पट्टी पुन्हा सरकली.

"इकडे द्या," ती म्हणाली.

मास्तरांनी दिली. बघता बघता रिंगेवर पट्टी बसली, एकाला एक वेढा चिकटून, टोक मागच्या बाजूला डिंकाने दाबलेलं. मग तिने मटार शिजत ठेवले, चित्र एकदा नीट पाहिलं आणि दोरा घेतला. मटार शिजेपर्यंत तिसरी फेरी झाली. सगळ्या पाकळ्या सारख्या. मधोमध तिने एक निळा मणी ओवला, खाली तीन दोरे सोडले, पिसं बांधली आणि तो गोल उजेडात धरला.

"झालं," ती म्हणाली. "आता तुम्ही माती तरी मळा."

मास्तरांनी माती मळली नाही. खरं सांगायचं तर त्या दिवसापासून त्यांनी मातीचा डबाच उघडला नाही. ड्रीमकॅचर तयार होतं, दोन आठवडे हातात होते, आणि सकाळी पेपर उजव्या हाताने धरता येत होता.

ठरल्या दिवशी दोघं दवाखान्यात गेले. बायको नेहमीप्रमाणे फाइल मांडीवर घेऊन मागे बसली. मास्तरांनी पिशवीतून ड्रीमकॅचर काढून टेबलावर ठेवलं, अगदी कोटाची घडी ठेवावी तसं.

"अरे वा!" ड्रायव्हर म्हणाला. "मास्तर, हे तर बाजारात मिळतं तसं झालंय."

बाईंनी ते उचललं, मागून-पुढून पाहिलं, खाली ठेवलं आणि खिशातली पट्टी काढली. "मूठ करा, काका."

मास्तरांनी मूठ केली. बाईंनी मोजलं. वही उघडली, मागचं पान पाहिलं, पुन्हा मोजलं.

"साडेतीन," त्या म्हणाल्या. "दोन आठवड्यांपूर्वी तीन होतं. माती मळून अर्धा सेंटिमीटर मिळवला होता, तो गेला. एवढं जाळं विणलं आणि बोट मागे सरकलं?"

"थंडीमुळे असेल," मास्तर म्हणाले.

"थंडी कुठाय?"

ड्रायव्हरने चिमट्यांत लक्ष घातलं.

"काका, हे कोणी केलं?"

"मी. कोणी म्हणजे?"

बाईंनी ड्रीमकॅचर पुन्हा उचललं आणि त्यांच्यासमोर धरलं. "बघा, हे जाळं कुठल्या बाजूला फिरतंय? घड्याळाच्या काट्यांसारखं. उजव्या हाताने विणणारा माणूस असा जातो. तुम्ही डावखुरे. तुमचं उलटं फिरायला हवं."

मास्तरांनी क्षणभर विचार केला. सदतीस वर्षांत गिऱ्हाइकांशी हुज्जत घालून ते तयार झाले होते. "उलटी बाजू धरलीय तुम्ही," ते म्हणाले. "फिरवा, म्हणजे बरोबर दिसेल."

"पट्टीचं टोक माझ्याकडच्या बाजूला चिकटवलंय. टोक नेहमी मागे असतं. गाठीही मागे आहेत. कापडाची सुलट बाजू कुठली हे मी तुम्हाला सांगायचं का?"

मास्तरांनी मागच्या गाठी बोटाने चाचपल्या.

"मी स्वतः डावखुरी आहे," बाई म्हणाल्या. "हे चित्र बघून पहिलं जाळं विणताना मला रडू आलं होतं. म्हणून लगेच कळलं." मग त्या मागे वळल्या. "काकू?"

बायकोने फाइल घट्ट धरली. "मी नुसतं टोक धरलं होतं," ती म्हणाली.

स्पंज पिळणाऱ्या एका आजींनी स्पंज खाली ठेवला. बाईंनी कपाटातून दुसरी रिंग काढली, दोरा काढला आणि मास्तरांसमोर ठेवला. "फक्त एक वेढा घाला. माझ्यासमोर."

मास्तरांनी दोरा घेतला. रिंगेवरून नेला, वेढ्यातून घालून ओढायला गेले आणि दोरा बोटांतून गळून टेबलावर पडला. त्यांनी तो पुन्हा उचलला. पुन्हा पडला. तिसऱ्या वेळी त्यांनी उचलला नाही. मान खाली घालून ते आपल्या हाताकडे बघत राहिले, आणि त्यांचे कान लाल झाले.

"मला सुंदर वस्तू नकोय, काका," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "मला वाकडं, सैल, घाण झालेलं चालेल. मला बोट वाकलेलं हवंय. तुमच्या हाताला अजून दोन महिने आहेत. त्यानंतर आतलं सगळं जिथे आहे तिथेच घट्ट होईल, आणि मग मी काहीही दिलं तरी उपयोग नाही."

"कळलं," मास्तर म्हणाले.

"आणि काकू, हे मी इथे भिंतीवर लावू का? माझ्याकडे नमुन्याला एकही इतकं नीट नाही."

"लावा की," बायको म्हणाली आणि लगेच नवऱ्याकडे बघितलं. मास्तर जिना उतरले. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "नुसतं टोक धरलं होतं म्हणे."

"मग काय सांगू? तुम्ही 'मी केलं' म्हणून मोकळे झालात."

"भिंतीवर लावताहेत."

"ऐकलं मी."

"चांगलं झालंय ते," मास्तर म्हणाले. एवढं बोलून ते भराभर पुढे चालायला लागले.

त्या दिवसापासून मास्तरांनी घरात फर्मान काढलं: आपण जाळं विणत असताना बायकोने हात लावायचा नाही, जवळ यायचं नाही, आणि उसासे टाकायचे नाहीत. तिसरी अट तिला सगळ्यात जड गेली. मास्तर टेबलाशी बसायचे आणि ती पाठमोरी उभी राहून भांडी पुसायची. एकच भांडं चार चार वेळा.

पट्टी गुंडाळायला तीन दिवस लागले. ती कुठे दाट, कुठे विरळ बसली. पहिली फेरी घालायला आणखी चार. दोरा ओढताना ताण राहायचा नाही, म्हणून मास्तर त्याचं टोक दातांत धरायचे, मग आठवायचं की दातांना व्यायाम द्यायचा नाहीये. आठव्या दिवशी दुसऱ्या फेरीत एक वेढा सुटला आणि त्याच्यामागे सगळे सुटत गेले. मास्तरांनी रिंग टेबलावर आपटली. मण्यांची डबी उडाली आणि मणी खोलीभर पसरले.

"राहू द्या, मी भरते," बायको म्हणाली.

"हात लावायचा नाही म्हटलं ना!" मास्तर ओरडले आणि स्वतः गुडघ्यांवर बसले. रागाच्या भरात ते मणी वेचायला लागले. फरशीवरून, खुर्चीच्या पायाशी, कपाटाखालून. तोंडाने चाललंच होतं: हे कसले धंदे, या वयात मणी वेचायचे, त्या बाईचं काय जातंय सांगायला.

बायको ओट्याला टेकून बघत होती. मास्तर डाव्या हाताने मणी वेचत होते. सवयीचा हात, आपोआप पुढे गेलेला. अंगठा आणि पहिलं बोट मोहरीएवढ्या मण्यावर मिटत होतं, उचलत होतं, डबीत टाकत होतं. एखादा निसटायचा, बाकीचे यायचे. मास्तरांचं लक्ष शिव्यांकडे होतं.

ती काही बोलली नाही. बोललं असतं तर ते थांबले असते, हाताकडे बघितलं असतं, आणि झालं असतं सगळं मुसळ केरात.

दुसऱ्या दिवशी टेबल पुसताना तिचा धक्का लागून डबी पडली.

"अगं बघून!" मास्तर म्हणाले.

"मेलं माझं लक्षच नव्हतं. माझे गुडघे दुखताहेत हो आज."

मास्तर कुरकुरत खाली बसले. त्याच्या पुढच्या दिवशी शिवणाच्या डब्यातली शर्टाची बटणं सांडली. त्याच्या पुढच्या दिवशी टाचण्या. टाचण्या वेचताना मास्तर मधेच थांबले. त्यांच्या डाव्या चिमटीत एक टाचणी होती. त्यांनी ती डोळ्यांसमोर धरली, बोटं हलवून पाहिली, आणि सावकाश मान वर केली.

"तू हे मुद्दाम सांडतेस."

"हो," बायको म्हणाली.

"किती दिवस?"

"मण्यांचा पहिला दिवस तुमचा. बाकीचे माझे."

मास्तरांनी टाचणी डबीत टाकली. त्यांच्या चेहऱ्यावर काय आहे हे तिला नीट कळेना. रागावतील असं वाटून तिने झाडू हातात घेतला.

"टाचण्या नको सांडू," ते शेवटी म्हणाले. "टोचतात. उद्या बटणं सांड. कोटाची नको, ती मोठी पडतात. बाहीवरची लहान."

पुढचा महिनाभर त्या घरात रोज ठरल्या वेळी काही ना काही सांडत होतं. मास्तर आधी वेचायचे, मग हात कोमट पाण्यात शेकायचे, मग जाळं विणायला बसायचे. ड्रीमकॅचर पुरं झालं तेव्हा ते अंडाकृती दिसत होतं, एका बाजूला दोरे ताठ आणि दुसऱ्या बाजूला लोंबकळलेले. मधला मणी मध्यापासून चांगला बोटभर सरकला होता. पण ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरत होतं.

बाईंनी ते हातात घेतलं आणि हसल्या. मग पट्टी लावली. "दीड," त्या म्हणाल्या.

ड्रायव्हर त्या दिवशी शेवटच्या खेपेला आला होता. त्याचं मनगट बरं झालं होतं. "मास्तर, हे मला द्या," तो म्हणाला. "बसमध्ये आरशाला टांगतो. दुपारच्या फेरीला माझा डोळा लागतो."

"डोळा लागत असेल तर चहा पी," मास्तर म्हणाले. "चांगली स्वप्नं पडायला लागली तर पॅसेंजरांनी काय करायचं? आणि डागी माल मी बाहेर देत नाही."

ते ड्रीमकॅचर घरी आलं. बायकोने झोपायच्या खोलीत पलंगाच्या डोक्याशी खिळा ठोकून टांगलं. काही फरक पडतो का, असं मास्तरांनी आठवड्याने विचारलं.

"स्वप्नं अडकत असतील," ती म्हणाली. "घोरणं नाही अडकत."

सर्जनांनी मात्र शेवटच्या तपासणीत स्पष्ट सांगितलं. खडू चालेल, सुई चालेल, मशीन चालेल. मोठी कात्री नाही. जोडलेली दोरी आहे, जाड कापडावर जोर पडला आणि तुटली तर पुन्हा हाताशी काही लागणार नाही. वर्षभर तर नाहीच, आणि नंतरचं नंतर.

मास्तरांनी घरी येऊन शटर उघडलं, टेबलावरची धूळ पुसली आणि टेबलाशी बसून राहिले. शटर उघडं दिसल्यावर दुपारी पहिलं गिऱ्हाईक आलं. पलीकडच्या शाळेतले गाण्याचे सर. त्यांच्या काखेत करड्या लोकरीचा तुकडा होता.

"बरं झालं तुम्ही उघडलंत," सर म्हणाले. "मुलांच्या गाण्याचा मोठा कार्यक्रम आहे, महिन्याने. समोर उभं राहून हात वर करावे लागतात. मागच्या वेळी दुसरीकडे शिवला, तर हात वर केला की सगळा कोट कानापर्यंत वर जातो. मुलं गायची सोडून हसतात."

"बाही बसते तो मुंढा खाली कापला असणार," मास्तर म्हणाले. "कोटाचा मुंढा काखेजवळ उंच लागतो. लोकांना वाटतं सैल ठेवला की हात मोकळा राहील. उलट होतं." बोलता बोलता त्यांनी टेप गळ्यात घातला. माप घेऊन झालं, सर गेले, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की आपण काम घेऊन बसलोय.

त्यांनी कापड पसरलं. डाव्या हाताने खडू धरून आखणी केली. रेघ थोडी थरथरली, पण जिथे जायची तिथे गेली. पाठ, पुढचे दोन भाग, बाह्या, कॉलर. आखून झाल्यावर त्यांनी जिन्याशी जाऊन हाक मारली.

बायको खाली आली, कापड बघितलं, खडू बघितला. "काय?"

"काप."

"मी?"

"मी रेघ मारून दिलीय. रेघेवरून जायचं."

"मी नाही कापणार," ती म्हणाली. "कापड नासलं की जन्मभर ऐकवाल."

"नाही ऐकवणार."

"लग्नानंतर पहिल्या वर्षी मी म्हटलं होतं, मलाही शिकवा. काय म्हणाला होतात?"

मास्तरांना आठवत नव्हतं, आणि हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"म्हणाला होतात, काजं बघ तू."

मास्तर थोडा वेळ खडूची पूड बोटांनी एका जागी गोळा करत बसले. "चुकलं माझं," ते म्हणाले. "तेव्हाच शिकवलं असतं तर आज दुकान चार महिने बंद राहिलं नसतं."

ही काही फार गोड माफी नव्हती. दुकानाचाच हिशेब त्यात जास्त होता. पण मास्तरांकडून एकतीस वर्षांत आलेली ती पहिलीच होती, आणि बायकोने ती घेतली. तिने टेबलावरची कात्री उचलून पाहिली आणि परत ठेवली. डावी कात्री, तिच्या हातात पाती उघडीच राहत होती.

"हिने नाही होणार," ती म्हणाली. "मला माझी हवी."

दोघं बाजारात गेले. हत्यारांच्या दुकानात तिने पाच कात्र्या हातात घेऊन पाहिल्या. दुकानदार प्रत्येक वेळी मास्तरांकडे बघून वजन सांगायचा. "त्यांना सांगा," मास्तर दोनदा म्हणाले. चौथी तिला आवडली.

पहिल्या दिवशी तिने सरांच्या कापडाला हातही लावला नाही. जुन्या चादरीवर मास्तरांनी आखलेला सबंध कोट तिने दोनदा कापला. मास्तर शेजारी उभे राहून सूचना देत होते: पातं टेबलावरून उचलू नको, टोकापर्यंत मिटू नको, कापड तुझ्याकडे ओढू नको, तू त्याच्याभोवती फिर. तिसऱ्या दिवशी तिने करडी लोकर कापायला घेतली. पहिला घाव घालताना तिने श्वास रोखला होता, मास्तरांनीही. पाठीच्या रेघेवर एका जागी कात्री केसभर बाहेर गेली.

"तिथे शिवणीत जाईल," मास्तर म्हणाले. आणि वचन दिल्याप्रमाणे पुढे काहीच बोलले नाहीत, हे त्यांना किती जड गेलं ते त्यांनाच माहीत.

बाह्या बसवायला तिला दोन दिवस लागले. एक तर पूर्ण सोडवून पुन्हा बसवावी लागली. काजं तिने नेहमीच्या जागी, वर खिडकीशी बसून केली. सर येऊन कोट घालून उभे राहिले, भिंतीवरच्या नव्या, लहान आरशापुढे. दोन्ही हात वर केले, अदृश्य मुलांना सूर दिला, डावीकडे वळले, उजवीकडे वळले. कोट कमरेला होता तिथेच राहिला.

"मास्तर, हात अजून आहे तुमच्यात," सर म्हणाले.

मास्तरांनी तोंड उघडलं. बायको टेपची गुंडाळी करत होती, तिचं लक्ष नसल्यासारखं.

"आखणी माझी," मास्तर म्हणाले. "कापलाय हिने. शिवलाय निम्मा हिने. काजं तर सगळी हिचीच, आणि तीही आजपासून नाही."

सरांनी कोटाचं काज बोटाने चाचपलं. "मग वहिनी, पँट पण तुम्हीच कापा."

"आधी कापड आणा," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात ते पँटीचं कापड घेऊन आले, आणि त्यांच्यासोबत शाळेचे दुसरे दोन शिक्षकही. सकाळच्या वेळी दुकानात चांगला उजेड येत असे. मास्तरांनी आखून दिलं, खडू ठेवला आणि कापड सरकू नये म्हणून दोन्ही तळवे त्यावर टेकवून उभे राहिले. डाव्या हाताची दोन बोटं अजून पूर्ण मिटत नव्हती, पण कापड दाबून धरायला त्याची गरज नव्हती. बायकोने कात्री उचलली, रेघेच्या सुरुवातीला लावली आणि थांबली.

"बाजूला व्हा थोडे," ती म्हणाली. "उजेड अडतोय."

मास्तर बाजूला झाले.